पडद्याकडे पाठ

चित्रपट जरा कुठे रंगात यायचा आणि प्रोजेक्टरच्या उजेडात एक हात वर यायचा. पडद्यावर मंत्री भाषण करत असोत नाहीतर बंद कारखान्याचं फाटक दिसत असो, त्याच्या मधोमध पाच बोटांची काळी सावली उभी राहायची. मागोमाग आवाज यायचा, "थांबवा. सूत तुटलं."

हा हात मामांचा. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारे. मूळचे मोहोळकडचे, पण सगळा जन्म भवानी पेठेतल्या मागांच्या खडखडाटात गेला. त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. कानात सांगितलेली गोष्टसुद्धा जिन्यापर्यंत ऐकू जायची.

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी आम्ही चित्रपट दाखवतो. नाचगाण्यांचे नव्हेत. महागाई, निवडणुका, पाणी, बँका, असल्या विषयांवरचे. नंतर चर्चा. कल्पना माझी. खिडक्यांना चादरी अडकवायच्या, ग्रंथपाल बाईंनी लॅपटॉपपाशी बसायचं, मी दोन शब्द बोलायचे आणि माणसं शहाणी व्हायची, असा माझा साधा हिशेब होता. तुम्हीही कधी असले उद्योग केले असतील तर पहिल्या महिन्यात चाळीस खुर्च्या भरतात आणि चौथ्या महिन्यात अकरा, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या अकरांत मामा कायम. पण ते चित्रपट बघायचे नाहीत. पडद्याच्या कडेला खुर्ची ओढून, पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना उजेडाचा त्रास होत असेल. विचारलं तर म्हणाले, "कापड बघून काय करू सर? सूत बघाय पायजे."

मग त्यांनी मला समजावलं. जुन्या मागाला दोरा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय नसते. कुणीतरी बघत राहावं लागतं. तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मग पुढे. नाही थांबवला तर माग चालतच राहतो, कापड निघतच राहतं आणि त्यात शेवटपर्यंत चीर पडलेली असते. "वरनं बगितलं तर टावेल झ्याक दिसतंय," मामा म्हणाले. "हातात घेतलं की कळतंय."

लोकांच्या तोंडावर त्यांना ते दिसायचं. कुणाचा धागा सुटला, कोण नुसताच पडद्याकडे डोळे लावून घरचा विचार करतोय. दिसलं की हात वर.

ऐकायला हे छान वाटतं. चालवून बघा. तीन वर्षांत आम्ही एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नाही. दीड तासाचा चित्रपट वीस मिनिटांवर अडकायचा आणि चादरी काढायची वेळ व्हायची. दोन प्राध्यापक यायचे, ते कंटाळून बंद झाले. नोकरी करणारी चार तरुण मंडळी यायची, त्यांनी मला तोंडावर सांगितलं, "सर, एकतर सिनेमा दाखवा नाहीतर मामांना दाखवा." माझ्या नाकी नऊ आले होते.

त्यातून मामांचा दुसरा प्रश्न. मी काहीही समजावलं की ते विचारायचे, "ते बसतंय कुटं?" सुताचा भाव कोण ठरवतं, असं एकदा निघालं. मी म्हटलं, बाजार ठरवतो.

"बाजार बसतोय कुटं?"

"मामा, बाजार म्हणजे मागणी आणि पुरवठा."

"ही दोगं कुटं बसत्यात? नव्या पेठेत बसतोय तो बाजार माज्या वळकीचा हाय. त्यो म्हनतो, भाव वरनं येतोय. वरचा कुटं बसतोय, तेवडं सांगा की."

लोक हसले. घरी जाऊन मी पुस्तकं काढली, आणि चार पुस्तकांत मिळून मागणी-पुरवठ्याचा पत्ता काही सापडला नाही. चिडचिड झाली, ती त्यांच्यावरच.

तरी एक दिवस सांगायलाच हवा. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या एक बाई यायच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. चित्रपटात निवेदक म्हणाला, महागाईचा दर घटला आहे. हात वर आला. "अक्का, तुजं तुटलं."

अक्का आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "दर कमी झाला म्हणतेत. मग साबण का वाढला?"

मी फळ्यावर आकडे मांडले. किंमत उतरत नाही, वाढायचा वेग उतरतो, वगैरे. अक्कांनी बोटाने एकेक आकडा मोजला. मग म्हणाल्या, "म्हंजे चढ चालूच हाय. दम तेवडा कमी लागतोय."

खोलीत सगळ्यांना एकदम कळलं. माझ्या फळ्याने नव्हे, त्या वाक्याने. मागचे एक गृहस्थ, वर्षभर तोंड न उघडलेले, ते बोलायला लागले. कुणी पगाराचं काढलं, कुणी गॅसचं. दोन तास गेले. चित्रपट तिथेच, निवेदकाचं तोंड अर्धवट उघडं. इतकी चांगली चर्चा आमच्याकडे आधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. आणि मला त्या दिवशी काय वाटलं असेल? की चित्रपट राहिला. मीही काय माणूस आहे बघा.

पण पुढे मी मामांचा हात थांबवला त्याचं खरं कारण ते नव्हतं. लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. सरकारी कर्जरोख्यांवरचा एक चित्रपट होता. रोख्याची किंमत उतरली की परतावा वाढतो, असं त्यात येतं. मी हे वाक्य वीस वर्षं मुलांना लिहून देतो आहे. ते तसं का होतं, हे माझ्या मनात कधी नीट बसलेलं नाही. परीक्षेत कुणी 'का' विचारत नाही म्हणून निभावलं. हात वर आला. मी अक्कांकडे पाहिलं, मागच्या गृहस्थांकडे पाहिलं.

"सर," मामा म्हणाले, "तुमचं तुटलं."

आवाज नेहमीचाच, जिन्यापर्यंत जाणारा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या माणसाच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. माग थांबला होता आणि ते गाठ मारायची वाट बघत होते, इतकंच.

मी म्हणालो, "काही नाही मामा. कळलं मला सगळं. चालू द्या."

"बरं," मामा म्हणाले, आणि हात खाली घेतला.

पुढच्याच महिन्यात पुण्याचे एक दिग्दर्शक स्वतःचा चित्रपट घेऊन येणार होते. मला निमित्त मिळालं. मी मामांना घरी जाऊन सांगितलं, पाहुणे आहेत, या वेळी हात वर करू नका, आणि खुर्चीही सगळ्यांसारखी लावा. त्यांनी आत चहा सांगितला. "व्हय," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, वाद घालतील. माझी सगळी उत्तरं तयार होती, ती तशीच घेऊन मी जिना उतरलो.

त्या रविवारी ते शेवटच्या रांगेत बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चित्रपट पहिल्यांदा अखेरपर्यंत चालला. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी विचारलं, काही प्रश्न? कुणाला काही नव्हता. एकाने पुण्याहून यायला किती वेळ लागला ते विचारलं. पाहुणे जाताना मला म्हणाले, "प्रेक्षक जाणकार आहेत तुमचे." मी खूश झालो.

जिन्यात मामा थांबले होते. "सर, धाव्या मिंटाला अक्काचं तुटलं. तवापास्नं ती पंखा बघत व्हती."

"मग नंतर विचारायचं होतं त्यांनी. वेळ दिला होता की."

"नंतर गाठ बसत न्हाय. कापड लई पुढं गेल्यालं असतंय."

अक्का पुढच्या महिन्यापासून यायच्या बंद झाल्या. मामा येत राहिले. पण शेवटच्या रांगेत, हात मांड्यांखाली. मी दर वेळी चित्रपट चालू असताना त्यांच्या हाताची वाट बघायचो. मनात म्हणायचो, करा आता, पाहुणे गेले. माणूस सांगितलेलं इतकं कशाला ऐकतो? आणि मी तरी उठून "मामा, खुर्ची पुढे घ्या" एवढं का म्हणू नये? दर महिन्याला ठरवायचो, या वेळी म्हणू. सहा महिने ठरवत होतो. चित्रपट मात्र सगळे पूर्ण होत होते.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी कारखान्यात छातीत दुखलं, संध्याकाळी संपलं. मी पोचलो तेव्हा पुष्कळ माणसं होती. अक्काही होत्या. मी त्यांना म्हटलं, रविवारी या. त्या चपला शोधायला वळल्या.

पण आल्या. चादरी लावल्या, दिवे मालवले. मी खुर्ची उचलली आणि पडद्याच्या कडेला, मामा ठेवायचे तिथे ठेवली. पडद्याकडे पाठ करून बसलो. इतक्या वर्षांत चित्रपट चालू असताना आमचे प्रेक्षक मी समोरून प्रथमच पाहत होतो. नऊ माणसं होती. त्यांच्या तोंडांवर चित्रपटाचा उजेड कमीजास्त होत होता. मला वाटलं होतं, काही दिसणार नाही. पण दिसत होतं. सगळं दिसत होतं. मागच्या गृहस्थांचं सुरुवातीलाच तुटलं होतं. मग अक्कांनी मान वर केली आणि पंख्याकडे बघायला लागल्या.

मी हात वर केला. ग्रंथपाल बाई दचकल्या, पण त्यांनी चित्र थांबवलं. मी मागे वळून पाहिलं, तर पडद्यावर माझ्या हाताची सावली होती, मामांच्या हातापेक्षा बरीच बारीक.

"अक्का," मी जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "कुठे तुटलं?"

त्यांनी पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं, मग समोर कुठेतरी.

"काय न्हाय सर," त्या म्हणाल्या. "कळलं मला सगळं. चालू द्या."

मी हात खाली घेतला. चित्रपट शेवटपर्यंत चालला. टाळ्याही झाल्या.