घड्याळवाल्या मामांचा डावा डोळा

कॅमेरावाली ताई कामचुकार नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला फाडून खाल.

बारा वर्षं ती आडबाजूच्या वस्त्यांमधून डोळे तपासत फिरत होती. एका पेटीत कॅमेरा, सोबत टॅब. साखरेचा आजार असलेल्या माणसाने पट्टीवर हनुवटी टेकवायची, ताईने डोळ्याच्या आतला फोटो काढायचा आणि टॅबने दोन मिनिटांत निकाल द्यायचा. जिथे डोळ्यांचा डॉक्टर वर्षानुवर्षं फिरकत नव्हता तिथे आणखी काय हवं? थरथरत्या म्हाताऱ्यांनाही ती गप्पांत गुंतवायची आणि पापणी लवायच्या आत फोटो काढून मोकळी व्हायची.

पण टॅब मेला नखरेल. फोटो जरा धूसर आला की 'पुन्हा काढा' म्हणून अडून बसायचा. तीनदा अडला तर 'अस्पष्ट' असा शेरा मारून माणसाला शहरातल्या इस्पितळात पाठवायचं, असा नियम होता. मात्र महिन्याच्या बैठकीत साहेब अस्पष्ट फोटोंची यादी वाचून दाखवत, आणि दोन महिने ओळीने ताईचं नाव सगळ्यांत वर. "हात कापतो का हो तुमचा?" साहेबांनी विचारलं, तशी सगळी बैठक हसली. ते तिच्या जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात घड्याळवाले मामा आले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं टीचभर दुकान होतं. "डाव्याने अंधुक दिसतं गं," ते म्हणाले. "आणि भिंग नेमकं त्याच डोळ्याला लावतो मी."

उजव्याचा फोटो लख्ख आला. डाव्याला टॅब सहा वेळा अडला. बाहेर चाळीस माणसं ताटकळली होती. ताईने उजव्याचाच फोटो आरशातल्यासारखा उलटा फिरवला आणि डाव्याच्या जागी टाकला. टॅब खूश. 'दोन्ही डोळे ठीक.'

"सुटलो बुवा," मामा म्हणाले.

फोटो धूसर येत होता, कारण डोळ्यातच रक्त उतरलं होतं. असं असू शकतं हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पुढच्या खेपेला पुन्हा काढू, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढच्या खेपेला मामा आलेच नाहीत. निकाल ठीक आल्यावर कशाला येतील?

आठ महिन्यांनी दुकान बंद दिसलं, म्हणून ती घरी गेली. दारात मामी भेटल्या. "डावा डोळा गेला हो त्यांचा. आधी आला असतात तर वाचला असता, म्हणाले डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि वर ताईलाच धीर देऊ लागल्या. "तुम्ही तर वेळेवर तपासलंत. आमचंच नशीब फुटकं."

ताई उंबऱ्यावरूनच परत फिरली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तीन दिवस तिला स्वतःच्या हातांचीच किळस येत राहिली. चौथ्या दिवशी जाऊन तिने मामांना सगळं सांगितलं. बैठक, यादी, फिरवलेला फोटो, काही म्हणून राखून ठेवलं नाही. शिव्या खायच्या तयारीनेच ती गेली होती.

मामांनी आत हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? मला खरंच दिसत नव्हतं."

मामी बाहेर आल्या. ताईला काही उमजेना, तेव्हा मामाच सांगू लागले. "मी रोज हिला म्हणायचो, अंधुक दिसतंय. ही म्हणायची, मशीन काय खोटं बोलतं? नुसती कामाची टाळाटाळ आहे ही तुमची. पुढे मलाही तसंच वाटायला लागलं. लोकांची घड्याळं बिघडवत होतो आणि स्वतःलाच आळशी म्हणत होतो."

"काय काय बोलले हो मी तुम्हाला," म्हणत मामींनी मामांचे हात धरले आणि रडू लागल्या. "चुकलं माझं."

ताई माफी मागायला आली होती. पण माफी मामीच मागत होत्या.