विभूतीनं खाल्लेली मोटर

“तांबं म्हणून अल्युमिनियम भरलं तुम्ही,” मन्मथअप्पांनी माझ्या काउंटरवर मशीन आदळलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. माझं डोकंच फिरलं.

लातुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. या धंद्यात तांब्याच्या जागी अल्युमिनियमची तार भरणारे असतात. ती स्वस्त पडते आणि लवकर जळते. असा आळ आला की माणूस बाजारातून उठलाच. त्यात अप्पा उदगीरचे दाळमिलवाले. मिलच्या सगळ्या मोटरींचं वर्षभराचं काम ते मला देणार होते. आधी परीक्षा म्हणून की काय, वडिलांचा जुना व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीला दिला. वडिलांनी तो हैदराबादहून आणलेला, लोखंडी अंगाचा, उचलताना कंबर धरावी असा. कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. पार्ट कुठंच मिळत नाहीत. बेअरिंग जुळवलं, कार्बन घासून बसवले, नवी वाइंडिंग केली. दुकानात दिवसभर चालवून बघितला, एकदम मस्त. आणि महिन्यात जळून परत.

“अप्पा, बसा. तुमच्यासमोर खोलतो.”

आर्मेचर काढलं. मोटरीतला फिरतो तो भाग. त्याची काळी पडलेली तार कटरनं तोडून तोंड दाखवलं. आरपार लाल.

“हे काय हाय मग?”

“तेवढीच तांब्याची असंल.”

च्यायला! शिवी ओठावर आली होती, गिळली. मिलचं काम डोळ्यासमोर होतं.

मग कम्युटेटर बघितला. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, त्यावर दोन कार्बन घासतात आणि करंट आत जातो. पट्ट्यांमधल्या फटी मोकळ्या लागतात. इथं त्या पांढऱ्या भुकटीनं गच्च भरल्या होत्या. कार्बन पार झिजलेले. अशी भुकटी ओल धरते, करंट या पट्टीवरून त्या पट्टीवर उडतो, ठिणग्या पडतात, मोटर तापते आणि जळते.

“घरात पुट्टीचं काम चालू हाय का?”

“न्हाई.”

“पिठाची गिरणी?”

“न्हाई म्हणलं ना!”

भुकटी चिमटीत घेऊन हुंगली. कापराचा हलका वास होता. म्हटलं, चला, मशीन जिथं चालतं तिथंच बघू. मशीन घेऊन त्यांच्याच गाडीतून उदगीरला गेलो.

घरी अप्पांची आई, अव्वा. थकलेली म्हातारी, कपाळभर विभूती. पूजा नुकतीच झाली होती आणि पाटाभोवती फरशीवर विभूती सांडली होती.

“अव्वा, मशीन कुठं वापरता?”

“इथंच की बाबा. आता हात कापतो, लई सांडतं. भस्माला झाडू लावावा का? पायाखाली बी येऊ नये. म्हणून ह्यानं अलगद वढून घेते अन् बेलाच्या बुडात टाकते. लई उपकार झाले बघा तुमचे.”

मी मशीनमधली धुळीची पिशवी काढून बघितली. मूळची फाटली म्हणून अव्वांनी जुन्या धोतराची शिवली होती, विरविरीत. या मशीनमध्ये ओढलेली हवा पिशवीतून गाळून मोटरीवरूनच बाहेर जाते, मोटर गार राहावी म्हणून. धोतरातून विभूती काय गाळली जाणार? सगळी मोटरीत.

मला इतका आनंद झाला! सुटलो, असं वाटलं. सरळ सांगून टाकलं, “अप्पा, मोटर विभूतीनं जळाली. जाड कापडाची पिशवी लावा, अन् विभूतीवर हे चालवू नका. वाइंडिंग मी परत करून देतो.”

अव्वांचा चेहरा पडला. “म्हंजी माझ्या हातनं जळालं व्हय? मालकाची एवढी एक वस्तू होती.”

अप्पा ताडकन उठले. “अव्वाला बोल लावता तुम्ही? सोताचं झाकायला विभूतीचं नाव घेता? देवाच्या भस्मानं मोटर जळती व्हय?”

“आरं मन्मथ, खरं असंल त्यांचं...”

“तू गप बस, अव्वा!”

मी एसटीनं परत आलो. राग अप्पांचा होताच, पण त्या म्हातारीचं तोंड काही डोळ्यापुढून जाईना.

आठवडाभरात उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बोलणं सुरू झालं. लातूरचा तो मिस्त्री अल्युमिनियम भरतो, वर विभूतीला नावं ठेवतो. मिलचं काम अहमदपूरच्या एका रिवाइंडरला गेलं. तिकडची माझी बाकीची गिऱ्हाइकंही एकेक करून तुटली. कुणी येऊन विचारलंसुद्धा नाही.

यंदा त्या अहमदपूरवाल्याचा फोन आला. जुनी ओळख.

“भाऊ, मन्मथअप्पांचं ते म्हातारं मशीन जळून आलंय. मीच भरलं होतं. आत पांढरं पांढरं निघतंय. काय असंल?”

काय ते सांगितलं.

“मग अप्पांना काय सांगू?”

“मी खरं सांगितलं होतं. माझं काय झालं, बघितलंस ना?”

तो हसला. त्यानं अप्पांना सांगितलं, व्होल्टेज वाढलं होतं. अप्पांना लगेच पटलं. वर मिलच्या आणखी दोन मोटरी त्याच्याकडं पाठवल्या म्हणे. विभूतीवर मशीन अजून चालतंय, ते परत जळणार, आणि तो परत भरून देणार.

या धंद्यात नवीन आलेल्यांना मी आता एवढंच सांगतो. फॉल्ट सापडला म्हणजे काम अर्धंच झालं. तो कुणाच्या माथी मारायचा, हे तोंड उघडायच्या आधी ठरवा. व्होल्टेजच्या बाजूनं भांडायला त्याचा लेक येत नाही.