सील मी तोडलं

विजेचे खांब सानगडीच्या बाजूने आले आणि तलावाच्या पाळीशी थांबले. पाळीपलीकडे आमची वस्ती. बाकीचे खांब पुढच्या साली, असं आम्ही इतकी वर्षं ऐकलं की पुढे कोणी विचारेनासंच झालं. मग ऐंशीनंतर कधीतरी कुठल्याशा योजनेतून विहाराच्या गच्चीवर सोलर पॅनल बसलं. खाली एक बॅटरी, एक ट्यूबलाइट. त्या उजेडात वस्तीतल्या मुली मॅट्रिकचा अभ्यास करायच्या. मी आयटीआयमधून रेडिओचं काम शिकून आलेली, म्हणून त्या सगळ्याची किल्ली आणि देखभाल माझ्याकडे.

पहिल्याच उन्हाळ्यात, बॅटरी जास्त भरू न देणारा सीलबंद डबा जळाला आणि बॅटरी आंधणासारखी उकळायला लागली. योजनेच्या ऑफिसातल्या साहेबांनी येऊन सांगितलं की नवा डबा येईल तेव्हा येईल, पावसाळ्याआधी पॅनल परत नेऊ, तोवर सीलला हात लावायचा नाही. त्यांची गाडी पाळीवरून उतरली नसेल, मी सील तोडलं. आजही तोडीन.

मोहफुलांचे दिवस होते. मी पॅनल सरळ बॅटरीला जोडलं. दुपारी बॅटरीत बुडबुडे आले की मी खालून हाक मारायची, आणि माय पॅनलवर गोणपाट टाकून त्यावर मोहफुलं वाळत घालायची. चार्जिंग बंद. पण असं किती दिवस? साकोलीच्या गॅरेजमधून ट्रकच्या हॉर्नचा जुना रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच आणला, मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर काढले आणि सर्किट जोडलं. बॅटरी भरली की रिले पॅनलची जोडणी तोडायचा. तोडलं की व्होल्टेज उतरायचं, की लगेच पुन्हा जोडायचा. दिवसभर नुसती टकटक, पॉइंट जळून काळे. शेवटी एक जादा रेझिस्टन्स टाकून तोडायचं व्होल्टेज वर आणि जोडायचं बरंच खाली ठेवलं. टकटक थांबली.

तरी ट्यूब संध्याकाळीच मंद व्हायला लागली. मी सर्किट पुन्हा उकललं, सगळे सोल्डरचे टाके नव्याने मारले, रिलेला शिव्या दिल्या. साहेब यायचे दिवस जवळ आलेले, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका दुपारी तार तपासायला गच्चीवर गेले तर पॅनलवर गोणपाट, गोणपाटावर मोहफुलं.

"काहून टाकलं वं माय?"

"बॅटरी उकळू नये म्हून. तूच त सांगतलं होतं."

रिले बसला, आता गोणपाट नको, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मला आधी राग आला, मग हसू आवरेना. फुलं आम्ही दोघींनी मिळून उचलली.

दोन दिवसांनी दिवेलागणीला ऑफिसची गाडी आली. ट्यूब लख्ख जळत होती, मुली वाचत बसल्या होत्या. साहेबांनी सर्किट पाहिलं, तुटलेलं सील पाहिलं आणि कोणाच्या परवानगीने तोडलं म्हणून विचारलं.

"परवानगी नाही घेतली. मीच तोडलं," मी म्हटलं. "पॅनल तुमचं आहे साहेब, न्याचं असन त न्या. पण ट्यूब तुमच्या हातानं बंद करा, अन् या पोरींले उठा म्हणून तुम्हीच सांगा."

साहेब बटणापर्यंत गेले. एकाही मुलीने मान वर केली नाही. गाडी रिकामी परत गेली.