रूझ

बाबांच्या तळपायात खिळा घुसला आणि त्यांना कळलंच नाही. फरशीवर उमटलेली लाल पावलं आधी मला दिसली. मधुमेहाने त्यांचे दोन्ही तळपाय केव्हाचे बधिर झाले होते. बघता बघता पाय सुजला. सयाजीगंजातल्या दवाखान्यात आतला सडका भाग कापून काढला आणि टाचेजवळ लिंबू मावेल एवढा खड्डा राहिला.

डॉक्टरांनी त्या खड्ड्यात काळा स्पंज बसवला, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि नळी पलंगाला टांगलेल्या यंत्राला जोडली. ते यंत्र आतली हवा ओढून घेतं, तिच्यासोबत जखमेतलं घाण पाणीही, आणि तळाशी नवं मांस धरू लागतं. धरलं नाही तर पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली आणि खाली जाऊन चहा घेऊन आले. मला काहीच वाटलं नाही. एकुलत्या एका मुलीला काहीतरी वाटायला हवं होतं.

मग सगळे दिवस त्या यंत्राच्या घुरघुरीत गेले. निजामपुऱ्याच्या घरून डबा आणायचा, यंत्राच्या बाटलीतलं पाणी बघायचं, नळी दुमडून ते ओरडायला लागलं की सरळ करायची. बाबा म्हणायचे, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं. आमचं बेटं आमचंच पाऊल घेऊन निघालंय." त्यांच्या विनोदावर हसायचं असतं हे मला उशिरा आठवायचं, मग मी हसायचे.

पहिल्यांदा ड्रेसिंग बदललं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "काका, थोडी थोडी रूझ आवे छे." डॉक्टर मात्र म्हणाले, पुढच्या वेळी बघू. गुजरातीत जखम भरून येण्याला रूझ म्हणतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या बडोद्याचे, आमच्या मराठीत तो शब्द कधी येऊन बसला कोण जाणे. साताऱ्याच्या आत्याला मी फोनवर तसंच सांगितलं, "आत्या, स्पंज लावलाय, थोडी रूझ येतेय."

"काय रुजतंय?" आत्या ओरडली. "स्पंज? अगं, माझ्या भावाचा पाय आहे की कुंडी? काढायला सांग आधी!"

बाबा पोट धरून हसले. मी तिला शब्द समजावला, फोन ठेवला आणि बाटली बघायला गेले.

पुढच्या ड्रेसिंगला स्पंज निघेना. नव्या मांसाने त्याला बारीक बारीक धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सलाइन सोडून तो हळूहळू सोडवला. खाली सगळं लालभडक होतं, कडेला रक्ताचे थेंब आले. "पाऊल वाचलं, काका," डॉक्टर म्हणाले.

"साताऱ्याला ताईला कळव," बाबा मला म्हणाले, "खरंच रुजला होता म्हणावं."

जाता जाता डॉक्टरांनी पिन घेऊन त्यांच्या तळव्याला टोचली. "दुखे छे?"

"ना." आणखी वर टोचली. "ना, साहेब."

माझे दात आवळले गेले होते, पलंगाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. बाबांनी ते पाहिलं.

"तुला दुखलं का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला लागले.