सिग्नलवरचे खजूर

निवडणूक हरल्यावर माणूस रडतो, चिडतो किंवा आजारी पडतो, असं मी ऐकलं होतं. मला यातलं काहीच झालं नाही. मी नुसती दमले. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं युनिट उघडलं, बायकांना कामं वाटून दिली, उरलेली पत्रकं रद्दीत घातली आणि मंडपवाल्याला फोन करून खुर्च्या न्यायला सांगितलं. सगळं रीतसर आवरलं. पण दुपारी जोहरच्या नमाजला उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की ओठ हलताहेत आणि आत कुणीच नाही. अल्लाहशी बोलायला माझ्याकडे एक प्रश्न तेवढा उरला होता, आणि तो विचारायची हिंमत नव्हती.

बिबवेवाडीत माझं शाळेच्या गणवेशांचं छोटं शिलाई युनिट आहे. तिथल्या बायकांचे रेशनकार्डाचे, पाण्याचे, मुलांच्या दाखल्यांचे प्रश्न घेऊन मीच महापालिकेच्या कार्यालयात जायचे. त्यातून 'तुम्हीच उभ्या राहा ना' सुरू झालं. अर्ज भरण्याआधी मी इस्तिखारा केला. मोठा निर्णय घ्यायचा असला की आमच्यात दोन रकात नमाज पढून, 'योग्य ते तूच ठरव' अशी दुआ मागतात. दुआ मागितली आणि मन एकदम हलकं झालं. मी समजले, होकार आला. पुढे अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं तेही शिलाई मशीन. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता आणखी कुठला इशारा पाहिजे तुला?" म्हणाली. मलाही नको होता. अल्लाह बरोबर आहे, आता कामं तेवढी नीट करायची, अशा हिशेबाने मी तो सगळा प्रचार केला.

आणि पडले. थोडक्यात नाही, चांगली आपटले. ज्या गल्लीत मी राहते तिथेसुद्धा मागे होते. सवयीप्रमाणे कारणं लिहून काढली: पैसा नाही, पक्ष नाही, प्रभाग मोठा, मतं फुटली. सगळी खरी होती. पण ज्याने हो म्हटलं त्यानेच मला असं उघड्यावर का पाडलं, हे त्या कागदावर कुठे लिहिणार? कोपऱ्यावरचा चहावाला मात्र मोकळा होता. "काय ताई, मशीन बंद पडलं का? तेलपाणी कमी झालं असेल," म्हणाला. आसपासचे हसले. मीही हसले. पुण्यात राहायचं तर तेवढं यावं लागतं.

मग रमजान आला. कितीतरी वर्षं रमजानच्या संध्याकाळी आम्ही युनिटमधल्या काही जणी सातारा रस्त्यावरच्या सिग्नलला उभ्या राहायचो. रोजा सोडायची वेळ आणि ट्रॅफिकची वेळ एकच. अडकलेल्या दुचाकीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, बसच्या खिडक्यांतून आत, खजुरांची पाकिटं आणि पाणी द्यायचो. ज्याचा रोजा असेल त्याने त्यावर सोडावा, नसेल त्याने नुसते खावेत. यंदा मी नाही म्हटलं. उभं राहिलं तर लोक म्हणणार, हरली तरी प्रचार चालूच आहे. नाही राहिलं तर म्हणणार, मतांपुरतंच होतं. दोन्ही ऐकायची ताकद नव्हती, म्हणून ज्यात कमी श्रम ते निवडलं. जाऊबाईंनी तर निकालच लावला: "खजूर वाटून मतं मिळाली असती, तर सगळे किराणावाले आमदार झाले असते." रोजे मात्र ठेवत होते. श्रद्धेने ठेवत होते असं म्हणवत नाही. लहानपणापासून ठेवतेय, म्हणून ठेवत होते.

मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून रोजे ठेवायला हरकत नाही म्हटलं होतं. अट एकच होती. अजान झाली की लगेच काहीतरी पोटात गेलं पाहिजे, आणि मधेच हातपाय थरथरले तर अजानचीही वाट बघायची नाही. एके दिवशी बटणं आणि इलॅस्टिक आणायला रविवार पेठेत गेले होते. परतताना स्वारगेटला कात्रजची बस पकडली. वेळेत घरी पोचेन असा अंदाज होता, तो चुकला. पुढे कुठेतरी रस्ता खणलेला होता, बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. नेमकी आमच्या त्याच सिग्नलच्या अलीकडे येऊन ती ठप्प झाली, आणि मशिदीतून अजान ऐकू आली.

पिशवीत हात घातला. बटणं होती, इलॅस्टिकची रिळं होती, दोन पेनं, टेप, सुईदोऱ्याची डबी, सगळं होतं. खजूर नव्हता. पाणी नव्हतं. इतकी वर्षं रोजा सोडायच्या वेळी मी टोपल्या घेऊन सिग्नलवर असायचे, स्वतःपुरता खजूर बरोबर ठेवायची सवयच कधी लागली नव्हती. हात कापायला लागले होते. मानेवर गार घाम आला. उतरावं तर बस मधल्या लेनमध्ये, दोन्ही बाजूंनी गाड्या. आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिते, कारण तेच खरं आहे: मला भीती नाही वाटली, राग आला. म्हटलं, एवढंही नाही का देववत तुला?

"रोजा आहे ना तुमचा?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

माझ्याच वयाच्या असतील. गळ्यात धम्मचक्राचं लॉकेट, मांडीवर ऑफिसची पर्स, तिच्यावर जेवणाचा डबा. मी मान हलवली.

"मग थांबलात कशाला? बांग झाली की."

"काही घेतलं नाही बरोबर."

त्यांनी पर्समधून एक छोटी स्टीलची डबी काढली. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. खजूर होते. "घ्या. आधी खा, आभारबिभार नंतर. हात बघा कसे कापताहेत."

मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि एक खजूर तोंडात घातला. त्यांनी पाण्याची बाटली उघडून हातात दिली. दुसरा खजूरही त्यांनीच काढून दिला. हळूहळू डोळ्यांपुढचं स्थिर झालं. मग मी विचारलं, तुम्ही खजूर कसे काय बाळगता?

"अहो, मी कात्रजला राहते. रोज ही बस, आणि रोज हा सिग्नल. रमजानमध्ये इथं काही बायका उभ्या असायच्या. खिडकीतून खजुराचं पाकीट द्यायच्या. तुम्ही कोण, रोजा आहे का, काही विचारणं नाही. ऑफिस सुटल्यावर काय भूक लागलेली असते! मी कितीदा खाल्लेत. यंदा दिसेनात. म्हटलं, बसमध्ये एखादी तरी रोजावाली असेलच, तिनं काय करायचं? म्हणून ही डबी ठेवते."

 माझ्यातली उमेदवार अजून जिवंत होती. मी विचारलंच, "कोण होत्या त्या बायका?"

"काय माहीत बाई. बसच्या खिडकीतून हात तेवढा दिसायचा. गेल्या वर्षी पाकिटावर कुणाचा तरी फोटो होता. कोण बघतंय? फाडलं आणि खाल्लं." मग माझ्याकडे बघून हसत म्हणाल्या, "खजूर मात्र चांगले असायचे हो. हे तेवढे नाहीत."

तो फोटो माझा होता, 'उभ्या राहा'चा आग्रह सुरू झाला तेव्हा छापून घेतलेला. मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं, पण तोंडातली ती गोडी मोडली असती. माझा थांबा आला तेव्हा त्यांचा हात हातात घेतला, नाव विचारायचं राहून गेलं, आणि उतरले.

घरी येऊन हातपाय-तोंड धुऊन वजू केला आणि मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजला उभी राहिले. नमाजनंतर हात उचलले, तर इस्तिखाऱ्याची दुआ आपोआप ओठांवर आली. तिचा अर्थ मला लहानपणापासून येतो. त्या वेळी मी तिचा पहिला अर्धाच ऐकला होता: हे माझ्या भल्याचं असेल तर घडव. दुसरा अर्धाही मीच तोंडाने मागितला होता: भल्याचं नसेल तर ते माझ्यापासून फिरव, मला त्याच्यापासून फिरव, भलं जिथे असेल तिथे दे, आणि त्यात मला राजी ठेव. मन हलकं झालं होतं ते होकार आला म्हणून नव्हे. ओझं अल्लाहवर सोपवलं म्हणून झालं होतं. मी ते दुसऱ्या दिवशीच उचलून परत डोक्यावर घेतलं. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून रडले. हरले ते बरंच झालं, असं अजूनही म्हणवत नाही. नगरसेविका झाले असते तर पाण्याचं काम झालं असतं, असंच वाटतं. पण ते आता त्याच्याकडे आहे. 'राजी ठेव' एवढंच रोज मागते. कधी राहते, कधी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिग्नलवर गेलो. साधी पाकिटं, वर काही नाही. कोपऱ्यावरचा चहावाला टपरीतूनच ओरडला, "काय ताई, पुढच्या निवडणुकीची तयारी का?"

"हो," म्हटलं, "आधी हात पुढे करा."

जवळ येऊन त्याने केला. पाकीट घेतलं आणि परत चहाकडे वळला.

थोड्या वेळाने कात्रजची बस येऊन थांबली. मी खिडक्यांतून त्या बाईंना शोधत होते, पण खालून काही दिसत नाही. आतले दिवे, काच, गर्दी. एका खिडकीतून हात बाहेर आला. त्यांचा असेल, नसेल. मी त्यावर पाकीट ठेवलं, सिग्नल सुटला, बस गेली. अजान होत होती. टोपलीतला एक खजूर घेऊन मी माझा रोजा सोडला आणि मनात म्हटलं, या अल्लाह, देणारा तू आहेस. मला खिडकीतून दिसणारा हात तेवढा होऊन राहू दे.