खाली बघितलंय, बस

फोन वाजला की आधी घरातली माणसं मोजायची, ही सवय मला चंडीगढच्या त्या वर्षांनी लावली. ती अजून सुटलेली नाही. दीड महिन्यापूर्वी सकाळी फोन वाजला, तेव्हाही उचलण्याआधी माझं मोजून झालं होतं. हे आंघोळीला, मुलगी मीनल तिच्या घरी, नातू शाळेत... सगळे जागच्या जागी. म्हणून अगदी निर्धास्तपणे फोन उचलला. वसुधाताई गेल्याची बातमी होती. तिला मी मोजलंच नव्हतं.

ह्यांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी. आम्ही चंडीगढला आलो आणि सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर ताई राहायची. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायची, एकटी होती, माहेर मालवणचं. दर रविवारी आम्हाला सुखना तलावावर न्यायची, पॅडलची होडी घ्यायला लावायची आणि होडीत बसल्या बसल्या तलावाला नावं ठेवायची. "ह्याला वास नाही, लाट नाही. परातीत पाय बुडवून बसल्यासारखं वाटतं." तरी पुढच्या रविवारी पुन्हा तीच सगळ्यांच्या आधी तयार.

मग पंजाबात अतिरेक्यांचे हल्ले सुरू झाले आणि ते रविवारही थांबले. चौकाचौकांत वाळूची पोती आली, दुकानं दिवेलागणीच्या आत बंद होऊ लागली. बसमध्ये कंडक्टर सांगायचा, "बैठने से पहले सीट के नीचे देख लो जी, लावारिस चीज़ को हाथ मत लगाना." मीनल तेव्हा सात वर्षांची. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बसने लुधियानाला गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर मीनल कुठेही बसायच्या आधी वाकून खाली बघायला लागली. बसमध्ये, शाळेच्या बाकावर, पुढे पुढे घरच्या जेवणाच्या खुर्चीखालीही. रात्री पलंगाखाली दोनदा. मी रागावले, समजावलं, एकदा तर हात उगारला. खरं सांगायचं तर तिचं बघून झाल्यावर मीही गुपचूप बघायचे.

ताई म्हणाली, "शैला, उन्हाळ्यात पोरीला घेऊन मालवणला चला. समुद्रावर मोकळी होईल." दिल्लीपर्यंतच्या बसप्रवासाच्या धास्तीने मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. बस वाटेत कुठे हळू झाली की मी पुन्हा सीटखाली बघायचे. पण पोहोचलो. रोज सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरायला, शंख-शिंपले गोळा करायला, संध्याकाळी बंदरावर मासळी बघायला. मीनल वाळूत खड्डे खणायची तेव्हा मी ह्यांना म्हटलं, बघा, कशी रमली. दुसऱ्या दिवशी ताई हळूच म्हणाली, "ती किल्ला करत नाहीये गं. बसायच्या आधी खाली काय आहे ते बघतेय."

चौथ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघायला होडीत बसलो. पंधरा-सोळा माणसं, सगळी सुट्टीला आलेली, हसतखिदळत. होडी मध्यावर आली आणि मीनल फळीखाली वाकली. कितीतरी वेळ ती वर आलीच नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, नीचे कुछ है." मी बघितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, सुतळीने आवळलेलं एक खोकं, आणि एका कोपऱ्यातून बाहेर आलेली काडी. मी मीनलला मागे खेचलं. हे मात्र चंडीगढच्या बसमध्ये असल्यासारखे ओरडले, "कोई हाथ मत लगाना!" मालवणच्या समुद्रात, मराठी माणसांच्या होडीत! पण बघता बघता सगळेच उठून एका बाजूला सरकले आणि होडी तिरकी झाली. पाणी काठाला लागलं. आमच्यातल्या कुणालाही पोहता येत नव्हतं. होडीवाला मागे इंजिनाशी, त्याला त्या आवाजात काही कळेना. ह्यांनी ओरडून सांगितलं, "ताई, फेका ते पाण्यात!"

ताईने फेकलं नाही. तिने ते खोकं दोन्ही हातांनी उचललं, पार पुढच्या टोकाला गेली आणि आमच्याकडे पाठ करून, त्याच्यावर वाकून बसली. आणि मी काय केलं? मीनलला पोटाशी धरून मी दुसऱ्या टोकाला सरकले. जितकं दूर जाता येईल तितकं दूर. तेव्हा ताईचा विचारही माझ्या मनात आला नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एवढ्यात होडीवाल्याचं लक्ष गेलं. "अवो बाई, रेडिओ तो माझो! खारो वारो लागता म्हणान गुंडाळून ठेवलेलो." सगळी होडी हसली. ताई वळली तेव्हा सुतळी सुटलेली होती. तिने ट्रान्झिस्टर मीनलच्या मांडीवर ठेवला, स्वतः फळीखाली वाकून चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाली, "खाली बघितलंय मी. बस." आणि मीनल बसली.

चंडीगढला परतल्यावर तोच रिवाज पडला. आम्ही वर गेलो की ताई आधी वेताच्या खुर्चीखाली वाकायची आणि म्हणायची, "बघितलंय, बस." ती असली की मीनल स्वतः वाकायची नाही. पुढे ती वर्षं सरली, मीनल मोठी झाली, डॉक्टर झाली, तरी ताईने वाकणं सोडलं नाही. एकदा मी विचारलं, "तेव्हा फेकलं का नाहीस गं?" ती म्हणाली, "फेकलं असतं तर पोरीला जन्मभर वाटलं असतं, तो बॉम्बच होता. उघडून दाखवायला हवं होतं."

"आणि खरंच असता तर?"

"म्हणून तर पाठ केली होती तुमच्याकडे," ती म्हणाली आणि चहाला उठली. मला तेव्हाही तिचे आभार मानता आले नाहीत. वाटलं, मानू कधीतरी...

परवा चंडीगढला तिची खोली आवरायला मी आणि मीनल गेलो. पुस्तकं, शिंपल्यांच्या बरण्या, खिडकीपाशी ती वेताची खुर्ची. मीनल आता चाळिशी ओलांडलेली, दिवसभर पेशंट बघणारी बाई. पण खुर्चीपाशी जाऊन नुसती उभी राहिली. मी म्हटलं, बस ना. ती बसेना. मग माझ्या लक्षात आलं. माझे गुडघे आता वाकत नाहीत. पलंगाची कड धरून, एकेक गुडघा टेकत मी खाली गेले. खुर्चीखाली ताईच्या घरातल्या सपाता होत्या, दुसरं काही नव्हतं.

"बघितलंय मी," मी म्हटलं. "बस."