अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

माझे पती वारले त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर आला होता. लोक घागरी खाली ठेवून आमच्या दारात आले.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेरीत माझ्या पतींची बदली झाली म्हणून आम्ही मुरुडहून येऊन इथे घर बांधलं होतं. शहरात रस्ते रुंद होत होते आणि विहिरी आटत होत्या. घरात आता आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणत असे.

काही दिवसांनी न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. दिवेही मंद झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काही तरी राहिलं असंल त्येचं. आमच्यात कावळा शिवला की कळतं तरी. तुमच्यात कसं कळायचं?"

आम्ही लिंगायत; आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. माणसाला बसवून, हातात त्याचं इष्टलिंग देऊन माती देतात, आणि तो शिवाला मिळाला असं मानतात. आत्यांनीही जन्मभर तेच मानलं होतं. तरी त्या दिवसापासून त्यांनी नळाला हात लावणं सोडलं.

"पोरगं इथंच हाय," त्या मला म्हणाल्या. "आपुनच त्येला अडकवून राहिलोय. घर विकू अन् मुरुडला जाऊ."

मला ते घर सोडायचं नव्हतं. माझी शाळेतली नोकरी इथे होती, माझ्या पतींची पुस्तकांची फळी इथे होती. पण ज्या आईचा मुलगा गेला, तिच्याशी वाद कसा घालायचा? खरं सांगायचं तर नळाजवळ जाताना मीही थांबत असे.

धाकटे दीर नांदेडला तंत्रशाळेत वायरिंग शिकवायचे. त्यांना कळवलं तसे ते आले आणि चहाही न घेता त्यांनी बोर्ड उघडला.

"वैनी, हे बघा."

वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते; ती दुसरी न्यूट्रल. तिसरी तार अर्थिंगची, परसातल्या खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला जोडलेली. चुकार वीज तिने जमिनीत न्यायची, एवढंच तिचं काम. आमच्या वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही बोर्डातल्या एकाच पट्टीवर आवळल्या होत्या, आणि नळाचा लोखंडी पाइपही त्याच अर्थिंगला जोडलेला होता. पुढे कधी तरी बाहेर खांबावर न्यूट्रल सैल झाली, आणि तेव्हापासून घरातली वीज खड्ड्यातून परत जात होती.

"मंग इतके दिवस कसं चाललं?" आत्यांनी विचारलं.

दीर परसात गेले. खड्ड्यावरची माती भेगाळली होती.

"हितं पाणी कोण घालत होतं?"

आत्यांनी खाली बसून ती माती चाचपली. मग म्हणाल्या, "त्योच. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ न्हाई म्हणून त्या कोपऱ्यात ओतायचा. वर आंघोळीचं उरलेलं बी. मी ओरडायचे, आरं, दुष्काळात पाणी मातीत घालतुस का!"

"माती ओली व्हती तवर वीज मुकाट जमिनीत गेली, आई. वाळली अन् नळात चढली. दादाला जन्मात नळाची तोटी बदलता आली न्हाई, त्यो नळात जाऊन बसंल व्हय?"

आत्या हसल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच.

दिरांनी वीजमंडळाच्या माणसाला बोलावून खांबावरचा जोड घट्ट करून घेतला. मेनस्विच पाडून बोर्डात दोन निराळ्या पट्ट्या बसवल्या, न्यूट्रल एकीवर, अर्थिंग दुसरीवर. खड्डा उकरून कोळसा आणि मीठ भरलं, टँकरचं पाणी ओतलं. दिवे पूर्वीसारखे लागले. मग त्यांनी नळ तपासला, स्वतः धरून पाहिला आणि आईला हाक मारली.

आत्यांनी आधी बोटं लावली. मग पूर्ण मूठ आवळली.

"काहीच न्हाई की रे."

"न्हाई."

"मंग गेला म्हणायचा त्यो."

"हाव आई. गेला. सुखानं गेला."

त्या नळ धरून रडल्या, आणि नंतर त्याच नळावर त्यांनी तोंड धुतलं. मुरुडला जायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मलाही छातीवरचं काही उतरल्यासारखं झालं.

पुढे कित्येक वर्षांनी आत्या याच घरात गेल्या. आता मी एकटी आहे. सकाळी पूजा झाली की ते पाणी आणि वर तांब्याभर साधं पाणी मी परसातल्या त्या कोपऱ्यात ओतते.